वनपिंगळा: नाव कुठलं धरायचं आणि नकाशा कुठला?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढचं सगळं त्याला धरून वाचता येईल. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात, सागाच्या जंगलात फेब्रुवारीतल्या एका सकाळी, ऊन चांगलं वर आल्यावर, शेंड्याच्या उघड्या फांदीवर बसलेला एक पिंगळा तुम्हाला दिसला. फोटो पाठमोरा मिळाला. घरी येऊन वनपिंगळ्याची माहिती काढलीत तर एका पुस्तकात नाव ‘हेटेरोग्लॉक्स ब्लेविटी’, दुसऱ्यात ‘अथीनी ब्लेविटी’. नकाशेही जुळेनात. एकात फक्त सातपुडा, एकात थेट छत्तीसगड-ओडिशाच्या सीमेवर ठिपके, आणि एका जुन्या नकाशात गुजरातेत तापीकाठी. यातलं खरं कुठलं आणि पेठमध्ये हा पक्षी असू शकतो का, असं तुम्ही विचारलंय.

आज बहुतेक याद्यांमध्ये नाव अथीनी ब्लेविटी असं आहे आणि माझ्या मते ते बरोबर आहे. सातपुड्याचा नकाशा खरा, पण अपुरा. पूर्वेकडचे ठिपके खरे, पण एकोणिसाव्या शतकातले. तापीकाठचा जुना ठिपका मात्र चक्क बनावट आहे. त्याच गुजरातेत पुढे खरा वनपिंगळा सापडला, ही गोष्ट वेगळी. पेठमध्ये तो असू शकतो, पण तुमच्या फोटोवरून तसं म्हणता येणार नाही. आता एकेक मुद्दा सावकाश घेऊ, कारण या पक्ष्याच्या बाबतीत नावाचा वाद आणि नकाशाचा वाद दोन्ही एकाच जागी जाऊन पोहोचतात: संग्रहालयातल्या सात नमुन्यांपाशी.

डिसेंबर १८७२मध्ये एफ. आर. ब्लेविट यांनी बसना-फुलझर भागात एक पिंगळा मिळवला. हा भाग आज छत्तीसगडच्या महासमुंद जिल्ह्यात येतो. शाळेत आपण काँग्रेसचे संस्थापक म्हणून ज्यांचं नाव शिकलो ते ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे त्या काळचे हिंदुस्थानातले सर्वांत मोठे पक्षी-अभ्यासक होते. त्यांनी १८७३मध्ये या पक्ष्याचं वर्णन छापलं, जातीला ब्लेविटचं नाव दिलं आणि त्याच्यासाठी हेटेरोग्लॉक्स ही स्वतंत्र प्रजाती उभी केली. (पाठ्यपुस्तकांप्रमाणे मी ‘प्रजाती’ हा शब्द जवळच्या जातींच्या गटासाठी वापरतोय, एकेका पक्ष्यासाठी ‘जाती’.) फेब्रुवारी १८७७मध्ये भूगर्भशास्त्रज्ञ व्हॅलेंटाइन बॉल यांना दुसरा नमुना खरियार भागात मिळाला. ते खरियार आज ओडिशाच्या नुआपाडा जिल्ह्यात आहे. पुढचे नमुने आपल्याकडचे. खानदेशात सरकारी नोकरीत असलेल्या जेम्स डेव्हिडसन यांनी तळोदा-शहादा पट्ट्यातून १८८०च्या दशकाच्या पूर्वार्धात पाच पक्षी जमवले. पश्चिम खानदेशात हा पक्षी विरळा नाही, असंच त्यांच्या माहितीवरून तेव्हा नोंदवलं गेलं होतं. शेवटचा नमुना १८८४चा. त्यानंतर सगळं थांबलं.

म्हणजे शंभरेक वर्षं या पक्ष्याबद्दल जे काही लिहिलं गेलं ते या वाळवून भरलेल्या कातड्यांवरून आणि त्यांच्या पायाला बांधलेल्या चिठ्ठ्यांवरून. चिठ्ठी खोटी असेल तर नकाशाही खोटा ठरतो. आणि एक चिठ्ठी खोटी होतीच.

कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन हा ब्रिटिश लष्करी अधिकारी पक्ष्यांचा नामांकित संग्राहक मानला जाई. त्याच्या संग्रहात एक वनपिंगळा होता, चिठ्ठीवर ऑक्टोबर १९१४ आणि ठिकाण मांडवी. हे मांडवी सुरत जिल्ह्यातलं, तापीकाठचं. कच्छमधलं बंदर नव्हे. या एका चिठ्ठीमुळे दोन समज घट्ट झाले. पहिला, हा पक्षी १९१४पर्यंत तरी नक्की होता. दुसरा, तो गुजरातच्या मैदानी कडेपर्यंत पसरलेला होता. शोध घेणारे साहजिकच तिकडे वळायचे.

१९९०च्या दशकात पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी हा नमुना बारकाईने तपासला. कातडं भरण्याची प्रत्येक संग्राहकाची एक रीत असते: कापूस कसा गुंडाळायचा, टाके कुठे घालायचे, पंख कसे मुडपायचे. डेव्हिडसनची रीत त्याच्या इतर नमुन्यांवरून ओळखता येत होती. मांडवीच्या म्हणवलेल्या पक्ष्यावर उसवून पुन्हा शिवल्याच्या खुणा होत्या आणि त्यांच्याखाली मूळच्या, डेव्हिडसनच्या हातच्या भरणाचे अवशेष शिल्लक होते. निष्कर्ष स्पष्ट होता. डेव्हिडसनने खानदेशात मिळवलेला एक नमुना ब्रिटिश संग्रहालयातून चोरून, नव्याने भरून, नवी चिठ्ठी बांधून स्वतःचा म्हणून दाखवला गेला होता. तो शोधनिबंध १९९९मध्ये प्रसिद्ध झाला. माइनर्ट्‌झहागेनच्या संग्रहातल्या इतर अनेक पक्ष्यांबाबतही अशाच चोऱ्या आणि बनावट नोंदी उघड झाल्या आहेत. मला या प्रकाराचा राग येतो तो मृत नमुना चोरला म्हणून नव्हे. एका दुर्मीळ पक्ष्याचा माग काढणाऱ्यांना अनेक दशकं चुकीची दिशा दाखवली गेली, म्हणून येतो.

खोटी चिठ्ठी बाजूला काढल्यावर चित्र साफ झालं. शेवटची खरी नोंद १८८४ची, आणि ठिकाणं उरली दोनच भागांतली: पूर्वेला फुलझर-खरियार, पश्चिमेला खानदेश. नोव्हेंबर १९९७मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे तिघं आधी पूर्वेकडच्या जागांवर गेले. तिथे काही मिळालं नाही. मग ते शहाद्याला आले. २५ नोव्हेंबरच्या सकाळी सातपुड्याच्या पायथ्याला, भर उन्हात, उघड्या फांदीवर बसलेला वनपिंगळा त्यांना दिसला. शेवटच्या खऱ्या नोंदीला ११३ वर्षं झाली होती. त्याआधी सलीम अली आणि एस. डिलन रिप्ली यांच्यासारख्यांनीही हा पक्षी शोधून पाहिला होता. पुढे लगेच मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी पद्धतशीर सर्वेक्षण केलं, आणि तोरणमाळचा परिसर, मेळघाट, लगतचा मध्य प्रदेश अशा ठिकाणच्या नोंदी मिळत गेल्या.

आता नावाकडे येतो.

हेटेरोग्लॉक्स वेगळी प्रजाती मानावी, या बाजूने मुद्दे चांगले होते. आपल्या नेहमीच्या ठिपकेवाल्या पिंगळ्याच्या मानाने वनपिंगळ्याची कवटी आणि चोच मोठी, नख्या दांडग्या, पाय बोटांपर्यंत दाट पांढऱ्या पिसांनी झाकलेले. जिवंत पक्षी सापडल्यावर वागण्यातलाही फरक दिसला. तो शेपटी झटक्याने डावी-उजवीकडे हलवतो, आणि दिवसा, अगदी ऊन तापल्यावरही, शिकार करतो. दुसऱ्या बाजूने, विसाव्या शतकातल्या बऱ्याच लेखकांनी त्याला ठिपकेवाल्या पिंगळ्याच्याच अथीनी प्रजातीत टाकलं होतं. तेही पुरेशा पुराव्याशिवाय, कारण तुलना करायला हाताशी होती ती चार-सहा जुनी कातडी.

अडचण अशी की चोच, नख्या, कवटी यांचा आकार भक्ष्याप्रमाणे घडतो. वनपिंगळ्याच्या खाण्यात सरडे-सापसुरळ्यांसारख्या सरपटणाऱ्या प्राण्यांचा वाटा मोठा असतो, त्याखालोखाल उंदीर. अशी शिकार पकडून फाडणाऱ्या पक्ष्याला मजबूत पंजा आणि चोच लागते, मग त्याचे सख्खे नातेवाईक कितीही नाजूक असोत. शरीरावरून नातं ओळखायला गेलं की असे गुण दिशाभूल करतात.

२०१८मध्ये पंकज कोपर्डे आणि सहकाऱ्यांनी डीएनएच्या आधारे हा प्रश्न तपासला. वनपिंगळ्याची शाखा अथीनीच्या झाडाच्या आतच निघाली. हा निकाल नीट समजून घ्यायला हवा. वनपिंगळा अथीनीच्या शेजारी, वेगळ्या फांदीवर असता, तर हेटेरोग्लॉक्स हे नाव टिकवता आलं असतं. पण तो त्या गटाच्या पोटात आहे. एकाच घरातल्या चार भावांपैकी मधल्या एकालाच वेगळं आडनाव लावावं, तसं ते झालं असतं. आजच्या वर्गीकरणाचा नियम असा की प्रजातीत एका पूर्वजाचे सगळे वंशज यायला हवेत, मधला एखादा वगळून चालत नाही. म्हणून मग दोनच वाटा उरतात: अथीनीचे तुकडे करून आणखी नवी नावं काढायची, किंवा वनपिंगळ्याला अथीनीत घ्यायचं. दुसरी वाट सोपी आणि स्थिर आहे. युरोप-आशियातला छोटा पिंगळा आणि अमेरिकेतला बिळात राहणारा पिंगळा हेही त्याच अथीनीतले.

तुम्हाला काही ठिकाणी ‘अथीनी ब्लेविटी (ह्यूम, १८७३)’ असं कंसात दिसेल. त्या कंसाचा अर्थ एवढाच की ह्यूमने जातीचं वर्णन केलं, पण मूळ प्रजातीचं नाव पुढे बदललं. ‘हेटेरोग्लॉक्स ब्लेविटी’ लिहिताना तो कंस नसतो. जुनी पुस्तकं वाचताना या खुणेचा उपयोग होतो.

एक गैरसमज मात्र मला वारंवार भेटतो, म्हणून ठासून सांगतो. प्रजाती बदलली म्हणजे वनपिंगळा हा ठिपकेवाल्या पिंगळ्याचा एखादा जंगली प्रकार ठरला, असं मुळीच नाही. ती स्वतंत्र जाती आहे, याबद्दल ह्यूमपासून आजपर्यंत कुणाला शंका नव्हती आणि डीएनएनेही तेच सांगितलं. वन्यजीव संरक्षण कायद्यात तो पहिल्या अनुसूचीत आहे. आंतरराष्ट्रीय यादीत तो २०१८पर्यंत ‘अतिसंकटग्रस्त’ होता, नव्या जागा सापडल्यामुळे आता ‘संकटग्रस्त’ गटात आहे. अहवाल लिहिताना दोन्ही नावं द्यावीत असं माझं मत आहे. कायद्यातलं, जुन्या निबंधातलं आणि नव्या यादीतलं नाव वेगवेगळं असेल, तर कार्यालयातला माणूस ते दोन निराळे पक्षी समजू शकतो.

नकाशाचा भाग जास्त गुंतागुंतीचा आहे आणि माझ्या दृष्टीने जास्त महत्त्वाचाही.

पहिली गोष्ट, जुन्या नोंदी वाचताना जिल्ह्यांची नावं जपून धरा. डेव्हिडसनच्या काळात खानदेश हा एकच जिल्हा होता. १९०६मध्ये त्याचे पूर्व आणि पश्चिम खानदेश असे दोन भाग झाले. त्यातला पश्चिम खानदेश पुढे धुळे झाला, आणि शहादा-तळोदा १९९८पासून नंदुरबार जिल्ह्यात आहेत. म्हणजे पुनर्शोधाच्या दिवशी शहादा धुळे जिल्ह्यात होता आणि वर्षभरात नंदुरबारमध्ये गेला. पूर्वेकडेही तेच. ब्लेविटची जागा काही पुस्तकांत मध्य प्रदेशात, काहींत छत्तीसगडमध्ये दिसते. ठिकाण एकच, राज्य बदललं. काही नकाशांवर यामुळे एकाच नोंदीचे दोन ठिपके पडलेले मी पाहिले आहेत.

दुसरी गोष्ट, मेळघाटपासून फुलझरपर्यंत सरळ रेषेत सहाशे किलोमीटरच्या आसपास अंतर आहे. जुन्या नकाशांत हा सगळा पट्टा एका रंगात भरलेला दिसतो, जणू मध्ये सलग वनपिंगळे आहेत. दोन टोकांच्या एकोणिसाव्या शतकातल्या ठिपक्यांना जोडून मधला भाग रंगवण्याला मी पुरावा मानत नाही. पूर्वेच्या ठिपक्यांपुढे वर्ष लिहावं, पश्चिमेचा आजचा पट्टा वेगळ्या रंगात दाखवावा, आणि मधला भाग कोरा सोडावा.

आजचा खात्रीचा पट्टा असा. पश्चिमेला तळोदा-शहादा-तोरणमाळ, मग जळगाव जिल्ह्यातलं यावल, पुढे मेळघाट, आणि सीमेपलीकडे मध्य प्रदेशातले खंडवा, बऱ्हाणपूर हे भाग. बरीच वर्षं हा पक्षी सातपुड्याचाच मानला जात होता. ऑक्टोबर २०१४मध्ये सुनील लाड यांना तो ठाणे जिल्ह्यातल्या तानसा अभयारण्यात दिसला. तानसा म्हणजे मुंबईला पाणी पुरवणारं धरण, मुंबईपासून शंभर किलोमीटरच्या आतलं जंगल, तोरणमाळपासून सरळ रेषेत तीनशे किलोमीटरच्या आसपास दक्षिणेला. रोज शेकडो पक्षिनिरीक्षक जिथून दोन-तीन तासांत पोहोचू शकतात, तिथे हा पक्षी इतकी वर्षं नोंदवला गेला नव्हता. त्याच सुमारास गुजरातच्या डांग जिल्ह्यातल्या पूर्णा अभयारण्यातूनही नोंद आली. तापीच्या उत्तरेचा सातपुडा एवढीच या पक्ष्याची हद्द, ही समजूत तिथे संपली. सह्याद्रीच्या उत्तर टोकाचा पश्चिम उतारही त्याचाच आहे.

तो तानशाला नव्याने आला, असं मानायला मला काही कारण दिसत नाही. त्याच्याकडे कुणी नीट पाहिलं नव्हतं, एवढंच. पिंगळा दिसला की ‘ठिपकेवाला’ लिहून पुढे जाणं ही जुनी सवय आहे, आणि नोंदवहीतल्या अशा किती ओळींखाली वनपिंगळा दडलेला असेल कोण जाणे. आपल्या हातातला नकाशा पक्ष्याइतकाच पाहणाऱ्यांचाही असतो.

हे लक्षात घेऊन तुमच्या पेठकडे बघा. तानसा आणि पूर्णा यांच्यात जेमतेम दीडशे किलोमीटरचं अंतर. मधला भाग जव्हार, मोखाडा, हरसूल, पेठ, सुरगाणा. सागाची विरळ जंगलं, मध्ये पाडे, उतारावर नागली-वरईची शेती. वनपिंगळ्याला घनदाट, सावलीचं जंगल लागत नाही. त्याला हवं असतं सपाट किंवा मंद उताराचं उघडं पानगळीचं रान: साग, ऐन, सालई, धावडा, खाली गवत आणि मोकळी जमीन, म्हणजे फांदीवरून सरडा दिसेल. आणि घरट्यासाठी नैसर्गिक ढोल्या असलेली जुनी झाडं. जव्हार-पेठच्या पट्ट्यात हे आहे, अजून तरी. गोम अशी की असं उघडं, सपाट, गावालगतचं रानच सर्वांत आधी तुटतं. सरपणाला, शेतीला, धरणाला, रस्त्याला. पोकळ जुनं झाड तर वनखात्याच्या हिशेबातही ‘निकामी’ म्हणून आधी जातं. त्यामुळे नकाशावर पट्टा लांबला तरी आत राहती जागा तुकड्या-तुकड्यांचीच आहे. एकूण प्रौढ पक्ष्यांचा अंदाज आजही हजाराच्या आतच धरला जातो.

आता फोटो. पिंगळा दिवसा उघड्यावर बसला होता, हा तुमचा मुख्य आधार आहे. तो पुरेसा नाही. ठिपकेवाला पिंगळाही सकाळी ऊन खात बसतो, आणि जंगली पिंगळा (ही वनपिंगळ्याहून वेगळी, तिसरीच जाती) तर भर दिवसा ओरडतोही. जंगली पिंगळा बाजूला काढणं सोपं आहे, त्याच्या डोक्यापासून पाठीपर्यंत बारीक आडव्या रेघा असतात आणि तुमच्या पक्ष्याला त्या नाहीत. उरले दोन.

ठिपकेवाल्याच्या डोक्यावर आणि पाठीवर पांढरे ठिपके स्पष्ट असतात, मानेमागे फिक्कट पट्टा असतो. वनपिंगळ्याचं डोकं करडं-तपकिरी, जवळजवळ सपाट रंगाचं, ठिपके असले तरी पुसट. तुमच्या फोटोत डोकं सपाट वाटतं हे खरं, पण ऊन मागून आहे आणि अशा उजेडात ठिपकेवाल्याचे ठिपकेही विरतात. म्हणून डोक्यावर भिस्त ठेवू नका. सर्वांत चांगली खूण समोरून दिसते. वनपिंगळ्याच्या छातीवर रुंद, जवळजवळ सलग तपकिरी पट्टा आणि त्याखाली पोटाचा मधला भाग स्वच्छ पांढरा. ठिपकेवाल्याच्या पोटावर तुटक तपकिरी खुणा खालपर्यंत उतरतात. दुसरी खूण पंखांची आणि शेपटीची: वनपिंगळ्याच्या शेपटीवर गडद आणि पांढरे पट्टे ठळक, रुंद, टोकालाही पांढरी कड. तिसरी, पाय: पांढऱ्या पिसांच्या जाड मोज्यांसारखे, बोटांपर्यंत. तुमच्या फोटोत शेपटी फांदीआड गेली आहे आणि पाय दिसतच नाहीत.

आवाज ऐकला असेल तर आठवून लिहा. ठिपकेवाल्याचा कर्कश, चिरकणारा कलकलाट गावात सगळ्यांनी ऐकलेला असतो. वनपिंगळ्याचा स्वर त्या मानाने गोल, मऊ, थोडा ओढलेला. मोबाइलवर ध्वनिमुद्रण मिळालं तर ते फोटोइतकंच मोलाचं.

पण मोबाइलवरून त्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नका, हे कळकळीने सांगतो. साधारण ऑक्टोबरपासून उन्हाळ्यापर्यंत त्याचा विणीचा काळ असतो, अंडी बहुधा दोनच. आवाजाला फसून नर ढोली सोडून भांडायला येतो, आणि त्या वेळात पिल्लं उघडी पडतात. जागेचा नेमका पत्ताही समाजमाध्यमांवर टाकू नका. घुबडांचे अवयव आणि अंडी अजूनही जादूटोण्यासाठी मागितली जातात, आणि छायाचित्रकारांची रीघ लागली तर घरट्याचं होणारं नुकसान त्याहून कमी नसतं.

सध्याच्या फोटोवरून मी नोंदीत ‘पिंगळा, जात अनिश्चित’ असंच लिहीन, आणि तुम्हीही तसंच लिहावं. ती नोंद वाया जात नाही. तारीख, वेळ, झाडाची जात, झाडाखालचं रान कसं होतं, जवळ शेत किती अंतरावर, हे आत्ताच कागदावर उतरवा. होळीच्या आधी पुन्हा जा, तोवर सागाची पानं बरीच झडलेली असतात आणि पक्षी लांबून दिसतो. सकाळचा सूर्य पाठीशी येईल अशी जागा धरा, पन्नास पावलांच्या आत जाऊ नका. समोरून एक, बाजूने शेपटी दिसेल असा एक, असे दोन फोटो मिळाले तर प्रश्न सुटेल. आणि त्या बीटच्या वनरक्षकाला सोबत घ्या. ढोलीची जुनी झाडं कुठे उभी आहेत ते त्याला ठाऊक असतं, आणि नोंद खरी ठरली तर ती झाडं वाचवायचं कामही पहिल्यांदा त्यालाच करावं लागणार आहे.